सुटीची बांधाबांध

प्रवासापेक्षां प्रवासाची तयारीच अवघड, असें जाणतीं माणसें म्हणतात. त्यांत तथ्य किती आहे, याचा अनुभव मला गेल्या मे महिन्यांत आला. आम्हांला जावयाचें होतें तें महाबळेश्वरास, आणि तेंहि अवघे तीन दिवस. महाडापासून हें ठिकाण साठेक किलोमीटर. पूर्वेकडे जी सह्याद्रीची निळी भिंत दिसते, तिच्या माथ्यावरचें तें गांव. परंतु माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यांत मीं तेथें एकहि रात्र काढली नव्हती, आणि आईनें तर तिच्या त्र्याहत्तर वर्षांत तें पाहिलेंहि नव्हतें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरची हकीगत याहून निराळी नसेल. घरचा कर्ता पुरुष पाळीवर जाणारा असला म्हणजे थंड हवेचें ठिकाण उशाशीं असून नसल्यासारखेंच.

माझे वडील बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत फिटर होते. शाळांना सुटी लागे नेमकी त्याच दिवसांत कारखान्यांतील यंत्रें दुरुस्तीसाठीं थांबवीत, आणि यंत्रें थांबलीं कीं फिटरचें काम दुप्पट होई. उरलेली रजा ते वर्षाअखेर विकून टाकीत. त्या पैशांतून आमचीं पुस्तकें येत. मी पांचवींत असतांना मात्र एकदां रजा मंजूर झाली. होल्डॉल बांधला गेला. आईनें चिवडा केला, नारळाच्या वड्या केल्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं कारखान्यांतून एक मनुष्य सायकलवर आला व दारांतूनच कांहीं बोलून गेला. वडिलांनीं खुंटीवरचा कामाचा सदरा काढून पुन्हां अंगांत घातला. तो होल्डॉल चार दिवस दाराशीं तसाच पडून होता. पांचव्या दिवशीं आईनें त्याचे पट्टे सोडले आणि आंतल्या चादरी घरांतच अंथरल्या. चिवडा आम्हीं घरींच संपविला. या गोष्टीचा आईनें पुढें कधीं उल्लेख केला नाहीं. वडील २०१९ सालीं गेले.

इतरांच्या सुट्यांचीं ओझीं मात्र आमच्या गांवानें पुष्कळ पाहिलीं आहेत. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वराची वसाहत उभी राहूं लागली. तेव्हां मुंबईच्या साहेबलोकांस तेथें जाण्याची एक वाट समुद्रावरून होती. जहाजानें बाणकोटच्या खाडींत यावयाचें, सावित्री नदीनें वर दासगांव-महाडाकडे यावयाचें, आणि तेथून पालखींत बसून घाट चढावयाचा. पेट्या, बिछाने, भांडींकुंडीं हीं आमच्याकडील माणसांच्या डोक्यांवरून वर जात. ज्यांनीं तीं वाहिलीं त्यांतील किती जण तेथें विश्रांतीसाठीं राहिले असतील, हें निराळें सांगावयास नको. पुढें पोलादपुराहून गाडीरस्ता झाला. त्याला फिट्झेराल्ड घाट म्हणत. आज आपण त्याला आंबेनळी घाट म्हणतों.

असो. यंदा माझ्या मुलीनें फोनवरूनच एका विश्रामगृहांतील दोन खोल्या ठरविल्या आणि तयारीला आरंभ झाला. महाडच्या मे महिन्यांत घामानें निथळत लोकरीचे कपडे काढून ठेवणें यासारखा विनोदी प्रकार नाहीं. स्वेटर हातांत धरला तरी जीव गुदमरे. पण वर संध्याकाळीं वारा सुटला म्हणजे त्याची आठवण येते, असें सर्वांनींच बजावलेलें. घाटांतील वळणांसाठीं लिंबें व आवळासुपारी हवी. मुलाला पोहण्याचा पोषाख हवा. मुलीला फोन भारण्याच्या तीन निरनिराळ्या तारा हव्या. त्या तीन कां, हें मला अद्याप समजलेलें नाहीं. मीं स्वतः सात पुस्तकें काढून ठेवलीं होतीं. माझ्या पत्नीनें त्यांतील सहा पुन्हां कपाटांत ठेवलीं आणि त्या जागीं साबण, टॉवेल व औषधें भरलीं. परत आलों तेव्हां उरलेल्या एका पुस्तकाचींहि अकराच पानें वाचून झालीं होतीं. सबब तिचा निर्णय योग्यच होता, हें येथें छापून कबूल करतों.

अडचण आली ती पिशवीची. धडधाकट अशी प्रवासी पिशवी आमच्या घरांत एकच, जाड निळ्या कापडाची. आणि ती आईच्या खोलींतील खुंटीवर भरलेली असते. ती कोणी हलवावयाची नाहीं, असा २०२१ सालापासूनचा दंडक आहे.

त्या वर्षाच्या जुलैची २२ तारीख महाडकरांस सांगावयास नको. रात्रीं पाणी चढूं लागलें तेव्हां आम्ही तळमजल्यावर राहत होतों. अंधारांत हातीं लागलें तें घेऊन वरच्या बिऱ्हाडीं गेलों. काय घेतलें असेल? मीं विद्यार्थ्यांच्या वह्यांचा गठ्ठा घेतला, मुलानें चेंडू, आणि पत्नीनें दुधाचें पातेलें. घराचे कागद, आईचीं औषधें, वडिलांचें पवित्र शास्त्र, सारें खालीं राहिलें. त्या ग्रंथाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वडिलांनीं घरांतील प्रत्येकाची जन्मतारीख दौतीच्या शाईनें लिहून ठेवली होती. चिखलांतून तो निघाला तेव्हां त्या साऱ्या तारखा एकमेकींत मिसळून एकच निळा डाग झाल्या होत्या. अर्थात् तळिये गांवानें त्याच दिवशीं जें गमावलें, त्यापुढें आमची हानि ती काय! पण तेव्हांपासून आईची पिशवी भरलेली असते. प्लॅस्टिकमध्यें गुंडाळलेले कागद, आठवड्याचीं औषधें, विजेरी, काड्यापेटी, वडिलांचा फोटो, दोन सुती पातळें आणि तो फुगलेला ग्रंथ.

मुलीनें ती पिशवी मागितली. आई म्हणाली, “ती नाहीं मिळायची. आणि मी येत नाहीं. घर कोणी तरी राखलें पाहिजे.” पत्नीनें समजाविलें, शेजारच्या काकूंनीं किल्ली ठेवून घेण्याचें कबूल केलें; पण व्यर्थ. शेवटीं माझा तोल गेला. “मे महिन्यांत कसला पूर येतो?” मी ओरडलों. “तुझ्या या भीतीपायीं सर्वांच्या सुटीचा विरस होतो आहे.” आई कांहीं बोलली नाहीं, उठून तांदूळ निवडीत बसली. वर्गांत रागावर ताबा ठेवण्याचा उपदेश करणाऱ्या शिक्षकाला घरीं तो धडा कोण देणार? मुलगा माझ्याकडे पाहत होता. मला तेंच अधिक लागलें.

रात्रीं मी तिच्याजवळ जाऊन बसलों. क्षमा मागावयाची होती. पण आम्हां मास्तरांना क्षमा मागण्यापेक्षां भूगोल सांगणें सोपें जातें. म्हणालों, आपली सावित्री महाबळेश्वरांतच उगम पावते. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री या तिच्या बहिणी तेथल्याच. कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेकडे वळल्या, हिनें पश्चिमेची वाट धरली. त्या जुलैंत, २२ आणि २३ तारखांच्या दरम्यान, चोवीस तासांत तेथें जवळजवळ ६० सेंटिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे. त्यांतलें पाणी या बाजूच्या दऱ्यांतून आपल्याकडे उतरलें. आईनें सर्व ऐकून घेतलें. मग हळूच म्हणाली, “ही आपल्या घरीं न बोलावतां आली होती. आपणहि एकदां तिच्या घरीं जाऊन यावें, म्हणतोस?”

“हो,” मी म्हणालों. “आणि आई, मघां मी फार बोललों.”

“बोललास खरा,” ती म्हणाली. “पिशवी मात्र माझ्याबरोबर येईल.”

तेव्हां कपडे दोन गोणपाटी पिशव्यांत भरले, आणि सकाळच्या एसटींत आम्हीं पांच माणसें बसलों. आईच्या मांडीवर ती निळी पिशवी. पोलादपुरापूर्वीं सावित्रीवरील पूल लागला. येथील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत कोसळला व दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या; नवा पूल पुढच्याच वर्षीं झाला. गाडी पुलावर येतांच बोलणें आपोआप थांबलें व पलीकडे गेल्यावर पुन्हां सुरू झालें. घाटांत लिंबें उपयोगी पडलीं, तीं मलाच.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आर्थर सीटला गेलों. तेथें कडा एकदम तुटतो आणि खालीं सावित्रीचें खोरें दिसतें. मे महिना असल्यानें पाणी म्हणून दिसत नव्हतें. दगडांची एक फिकट रेघ तेवढी होती. हें नांव आर्थर मॅलेट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलें. त्याची पत्नी व मूल याच सावित्रीच्या पाण्यांत, खालीं समुद्राकडे, नाव बुडून मरण पावलीं, आणि तो येथें बसून नदीकडे पाहत राही, असें सांगतात. मीं तें आईला सांगितलें.

“येथें येऊन बसत असे?” तिनें विचारलें.

“असें म्हणतात.”

ती कठड्याजवळच्या दगडावर बसली व बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. वारा इतका सुटला होता कीं मलाहि स्वेटर घालावा लागला. मग तिनें पिशवीची साखळी उघडली. विजेरी बाजूला केली, कागदांचें पुडकें बाजूला केलें, आणि तळाशीं हात घालून पितळेचा एक डबा काढला. त्यांत चिवडा होता. वर कागदांत गुंडाळलेल्या नारळाच्या वड्या.

“मुलांना हाक मार,” ती म्हणाली.