झेपेल तेवढेच

मराठी शिकवणाऱ्याला शब्दांचे वजन कळते, गाडीचे काय कळणार, असे आमच्या घरी म्हणतात. तरीही ओझ्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला आपोआप मिळतो, असे मला वाटते. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची गावेच्या गावे ऊसतोडणीला निघतात. अख्खा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला इकडे 'उचल' म्हणतात. घेताना ती हलकी लागते. फेडताना तिचे खरे वजन समजते.

अशाच एका घरातला माझा जुना विद्यार्थी परवा जामीन राहण्याची विनंती घेऊन आला. यंदा आईवडिलांना फडावर पाठवायचे नाही, कर्ज काढून जुना 'छोटा हत्ती' घ्यायचा आणि बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे बाजारात पोचवायची, असा त्याचा बेत होता.

"सर, इकणारा म्हनतो, दीड टन आरामात ओढती."

"आणि कागद काय म्हणतो?" मी विचारले.

2005 साली टाटांनी आणलेल्या या गाडीला लोकांनी लाडाने हत्ती म्हटले. पण त्या पहिल्या गाडीची भारक्षमता सुमारे पाऊण टनच होती. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दोहोंतली वजाबाकी म्हणजे आपल्या हाती उरलेली जागा. आणि माणसे, ताडपत्री, क्रेट हे सगळे तिच्यातच बसवायचे. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. 750 किलो धरले. दोन माणसांचे 130 गेले, उरले 620. वीस किलोचा भरलेला क्रेट धरला तर 31 क्रेट. विकणाऱ्याने सत्तर सांगितले होते, आणि कर्जाचा हप्ताही त्या सत्तरांवरच बसवला होता!

"पन सर, त्यानं पाटे वाढवलेत."

पाटे वाढवले की गाडी खाली बसत नाही, एवढेच. ब्रेक तेच, टायर तेच, आसही तोच. ओढण्याचे काम इंजिनाचे. पण मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना प्रश्न ओढण्याचा नसतो, थांबवण्याचा असतो. मागच्या आसाच्याही मागे माल रचला, तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू हाताला लागत नाही. 2019 पासून जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2,000. म्हणजे एका खेपेत महिन्याची कमाई जायची.

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने स्वतःच हिशेब उलटा मांडला: आधी माल, मग भार, मग गाडी आणि शेवटी कर्ज. चार दिवसांनी चुलत्याला भागीदार करून, कागदावरच सव्वा टन भार लिहिलेली पिकअप त्याने ठरवली. गाडी महाग खरी. पण हप्ता दोघांत विभागला, आणि पंचावन्न क्रेटची खेप बेकायदा राहिली नाही.

सहीच्या दिवशी त्याची आई बरोबर आली होती. आरसी हातात घेऊन ती उलटसुलट पाहत राहिली. मी तिला आकडे समजावून सांगितले.

"गाडीला किती झेपतंय, ते लिहून ठेवतेत व्हय सर?" ती म्हणाली. "आमच्या डोक्यावर मोळी देताना कुन्या कागदावर लिहिलं व्हतं?"

पंचवीस वर्षे वर्गात प्रश्नांची उत्तरे देत आलो आहे. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी चष्मा लावला आणि जामीनपत्रावर सही केली.