नेहमी डावाच हात

आमच्या डॉक्टरांच्या टेबलाशी पेशंटचं स्टूल अजून तिथंच आहे, भिंतीला लागून. त्यावर बसलं की डावा हात आपसूक टेबलावर येतो. १६ महिने माझं बीपी त्याच हाताला मोजलं गेलं. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

छातीत दुखायचं. मधोमध, दाबल्यासारखं, कधी पाठीत जायचं. वय ३१. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. मग ॲसिडिटीच्या गोळ्या, मग "या वयात हार्टचं काही नसतं, टेन्शन घेऊ नका."

बीपी मात्र दर वेळी लो. ९०, कधी ८६. एकदा तर मशीनवर आकडाच उमटेना. कंपाउंडरने सेल बदलले, पट्टा पुन्हा गुंडाळला, तरी नाही. डॉक्टर म्हणाले, "बीपी लोच आहे तुमचं. मीठ-साखरेचं पाणी घेत जा." मी घेतलं. सासूबाई स्वतः करून द्यायच्या, काळजीपोटी मीठ चिमूटभर जास्तच घालायच्या. वर्षभर सकाळ-संध्याकाळ तो पेला मी न चुकता रिकामा केला. वेणी घालताना डावा हात निम्म्यातच गळून जायचा. खाली ठेवायचे, थांबायचे, पुन्हा पेड धरायचे. घरात सगळ्यांनी तो अशक्तपणाच धरला, मीसुद्धा.

एका रात्री दुखणं सहन होईना म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. डाव्या हाताला सलाईनची सुई होती, म्हणून सिस्टरने पट्टा उजव्या हाताला बांधला. १७४/१००. मी म्हटलं, "माझं तर लो असतं." त्यांनी सलाईन थांबवून डावीकडे मोजलं. ८८. मग माझी दोन्ही मनगटं एकदम धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "ताई, डावीकडे नाडी लागत नाही," म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

सीटी अँजिओग्राफी झाली, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर ८२ आला. ताकायासू आर्टरायटिस. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येते, भिंती जाड होतात, रक्ताची वाट अरुंद होते. डाव्या हाताची धमनी जवळजवळ बंद होती, म्हणून तिथं बीपी लो दिसायचं. किडनीची एक धमनीही आकसली होती, म्हणून खरं बीपी वाढलेलं होतं. म्हणजे वर्षभर मी वाढलेल्या बीपीवर मीठ पीत होते. छातीतलं दुखणं सुजलेल्या महाधमनीचं होतं. टेन्शनचं नव्हतं.

जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली डॉक्टरांच्या एका सभेत एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांचं वर्णन मांडलं. त्याच सभेत आणखी दोन डॉक्टरांनी आपल्या तशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नसल्याचं सांगितलं. म्हणजे मनगट धरून बघायचं हे तेव्हापासून माहीत आहे. आणि हा आजार मुख्यतः चाळिशीच्या आतल्या बायकांचा, आशियात जास्त दिसणारा. "या वयात" म्हणतात, ते हेच तर वय!

डॉक्टरांवर राग धरू नये, असं मीच घरी सांगते. बाहेर पेशंटची रांग असते, हा आजार त्यांनी कधी पाहिलाही नसेल. माणूस वाईट नाही. पण दुसऱ्याच क्षणी वाटतं, दुसरा हात मोजायला एक मिनिट लागतं. तेवढंही नाही.

आता प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे. चेहरा सुजला, केस गळले, पण ईएसआर उतरला. स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही, हे मी स्वतःला रोज बजावते. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घेतलंय: बीपी उजव्या हाताला.

बायांनो, छातीत दुखतंय, रिपोर्ट नॉर्मल आहेत, हात लवकर भरून येतो, असं असेल तर दोन्ही हातांचं बीपी मोजायला सांगा. दहाहून जास्त फरक पुन्हापुन्हा आला तर कारण विचारा. संकोच वाटला तरी विचारा.