अर्धी प्रदक्षिणा

उपनगर या शब्दावर माझा फार दिवसांचा राग आहे. मागे ‘उप’ लागला की माणूस काय किंवा गाव काय, आपोआप दुय्यम होतो. उपसंपादक, उपमुख्याध्यापक, उपनगर. (उपमा हा एकच पदार्थ याला अपवाद म्हणता येईल, आणि तोही कालचा असला तर नाही.) जणू मुंबई नावाच्या थोरल्या यजमानीणबाईंचा पदर धरून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही पोरे मागे उभी आहेत!

वास्तविक नाते उलटे आहे. मुंबई सात बेटांत विखुरलेली एक दमट वस्ती होती, तेव्हा इकडे साष्टीच्या बेटावर भातशेते होती, लेणी होती, नांदती गावे होती. साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचा मुलूख, अशी या नावाची फोड सांगतात. १६६१ च्या तहाने पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या राजाला हुंड्यात देऊन टाकली. साष्टी मात्र हातची सोडली नाही. हुंड्यात काय द्यावे आणि काय घरात ठेवून घ्यावे, हे मुलीकडच्या मंडळींना बरोबर कळते.

हे सारे मला कळले पुस्तकांतून; पण पटले ते सायकलवरून. लोकलमध्ये बसले की जोगेश्वरी, राममंदिर, गोरेगाव, मालाड असा नामजप चालू असतो आणि दोन नावांच्या मधे काय आहे याची चौकशी कोणी करीत नाही. मधे असते पुढच्या उताऱ्याची पाठ. मोटारीतून जाणाऱ्याला फक्त पुढची मोटार दिसते. सायकलवाल्याला मात्र गल्लीच्या तोंडाशी हळद-कुंकवासारखा झेंडूचा हार घालून उभा असलेला कुरूस दिसतो, त्यामागची लाकडी सज्जाची घरे दिसतात आणि ‘इकडे आत काय आहे बुवा?’ असे म्हणून हँडल वळवायला पैसे पडत नाहीत. माझे एक स्नेही म्हणतात की, पन्नाशीनंतर माणसाने सायकल विकावी आणि पंचांग घ्यावे. मी पंचांग घेतले आहे. त्यात मी भरतीच्या वेळा पाहतो. कारण माझ्या वाटेवर तीन ठिकाणी पाणी ओलांडावे लागते.

दिवाळीचे चार दिवस उरकले, फराळाचे डबे तळाला गेले आणि कार्तिकातली पहाट थोडी गार लागू लागली की माझी ही वारी सुरू होते. अंधेरीहून बोरिवली, तिथून तरीने गोराई, मग मनोरी, पुन्हा तरीने मार्वे, एरंगळ, मढ आणि शेवटच्या तरीने वेसावे. सगळे मिळून चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. म्हटले तर साष्टीच्या पश्चिम अंगाची ही अर्धी प्रदक्षिणा. आणि आरंभ महादेवापासून होत असल्यामुळे ती अर्धी असणेच शास्त्राला धरून आहे.

गंमत अशी की माझ्या घराजवळचे सर्वांत जुने चर्च मला सायकलवरून दिसत नाही. कोंडिवट्याचे संत जॉन बाप्तिस्त यांचे हे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला, आणि पुढे आपल्या भाषेच्या इतका प्रेमात पडला की अकरा हजारांच्या घरात ओव्या रचून त्याने ख्रिस्तपुराण सिद्ध केले. ते १६१६ मध्ये छापले गेले. तो राबला गोव्याच्या साष्टीत; तिचेही नाव सहासष्ट गावांवरूनच पडले म्हणतात. कोंडिवट्याच्या नशिबी मात्र असा कोणी कवी आला नाही. १८४० मध्ये साथ आली, लोक गाव टाकून मरोळला गेले आणि चर्चला पिंपळांनी आपले म्हटले. पुढे १९७३ मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी सरकारने सीप्झची वसाहत वसवली आणि ते भग्न चर्च तिच्या कुंपणाच्या आत गेले. आत हिऱ्यांना पैलू पाडतात, संगणकाची कामे चालतात, आणि मधे ही बिनछपराची भिंत उभी आहे. फाटकावर पास लागतो. देवाच्या दारी पास लागावा याचे आपल्याला आता नवल वाटत नाही म्हणा! मी कुंपणाबाहेरून एकदा घंटी वाजवतो आणि पुढे निघतो.

बोरिवलीचे मंडपेश्वर मात्र सर्वांना मोकळे आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शैव लेणे. आत पिंड आहे, नाचणारा शिव आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री इथे आला आणि लेण्याचे चर्च झाले. वर टेकाडावर मठ उठला. १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले, दोन वर्षांनी वसई पडली, आणि मठाचे छप्पर कालांतराने आभाळाने घेतले. आज खाली पिंडीवर बेल वाहिलेला असतो, वर मठाच्या उघड्या भिंतींत पोपट असतात, आणि लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे पूर्वी कोणी देव होते, तिथे खडकात कोरलेला मोठा कुरूस अजून तसाच आहे. ज्यांनी देव खरवडून कुरूस कोरला त्यांचे मला कौतुक नाही. पण पुढे ज्यांच्या हाती छिन्नी आली त्यांनी तो कुरूस खरवडला नाही, याचे आहे. समोरच्या मैदानात पोरे क्रिकेट खेळत असतात. चेंडू लेण्यात गेला तर चौकार, वरच्या भिंतीला लागला तर बाद, असा तिथला नियम मला एका यष्टिरक्षकाने समजावून सांगितला.

गोराईची तर म्हणजे या वारीतले मध्यंतर. सायकल आडवी धरायची, भाडे तिचेही द्यायचे, आणि दोन्ही बाजूंची कांदळे पाहत बसायचे. २००९ मध्ये उभ्या राहिलेल्या पगोड्याचा सोनेरी घुमट पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. आत एकही खांब नाही. लेण्यातला शिव, टेकाडावरचे चर्च आणि खाडीपलीकडचा बुद्ध, एवढे दर्शन सकाळच्या दुसऱ्या चहाच्या आत होते. मुंबईत दुसऱ्या कुठल्या रस्त्याने हे होत असेल तर मला कळवावे.

पलीकडे पाऊल टाकले की आवाज बदलतो. गोराईहून कुलवेमवरून मनोरीकडे जाणारा रस्ता सकाळी इतका शांत असतो की आपल्याच सायकलच्या साखळीची कुरबुर ऐकू येते. दुतर्फा ताडांची झाडे, भाजीचे वाफे, विहिरी. गोराईचे चर्च तीन राजांच्या नावाने आहे. ताऱ्यामागे निघून बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ते तिघे. माझ्या मते ते प्रवाशांचे खास देव व्हायला हरकत नाही. कारण वाहन मंद, वाट अनोळखी, आणि पोचल्यावर देण्यासाठी बरोबर काहीतरी होते.

ही सारी गावे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, स्वतःच घेतले. गोव्या-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे, इथलेच, आणि कंपनी सरकारचे आद्य नोकर, हे साहेबाच्या ध्यानी यावे म्हणून. नाव इंग्रजी, धर्म पोर्तुगीजांनी दिलेला, आणि घरात भांडण मात्र मराठीत! लग्नात उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, ऑक्टोबरात नव्या भाताची कणसे चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा करतात. बाटली मसाला उन्हाळ्यात घरोघर कुटला जातो आणि त्याची पाकृती सुनेला सांगितली जाते, पण एखादा जिन्नस मुद्दाम गाळून, असे एका सुनेनेच मला सांगितले. आणि त्यांच्या बोलीतल्या पोर्तुगीज शब्दांना हसायचे आपल्याला कारण नाही. सकाळी पाव खाऊन, चावी खिशात टाकून, पगार आणायला निघणारा सदाशिवपेठी गृहस्थसुद्धा तीन पोर्तुगीज शब्द अंगावर वागवीत असतो.

पाखाडीपाखाडीच्या तोंडाशी कुरूस. साष्टीतले असे कितीतरी कुरूस १८९६ च्या प्लेगातले आहेत. आलेली साथ जावी, न आलेली येऊ नये म्हणून लोकांनी ते उभारले. साथीने कोंडिवट्याला गाव उठले, आणि पुढच्या साथीत लोक कुरूस रोवून जागच्या जागी राहिले. आता नव्या इमारतीच्या नकाशात मधे आला की तो चार हात सरकवतात. सरकवलेला कुरूस ओळखायचा कसा? त्याच्यावर फरशा बसवलेल्या असतात.

मनोरीहून मार्व्याला पाच मिनिटांची तर, आणि पुढे अक्सा टाकले की एरंगळ. तिथे रस्ता सोडून आत वळायचे. संत बोनावेंतुरचे चर्च १५७५ चे. पांढरेशुभ्र, आणि समुद्राच्या इतके जवळ की मला आधी ते एखादे गलबत वाटले. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे जत्रा भरते. तिला सण म्हणतात. कोळी येतात, ईस्ट इंडियन येतात, हिंदूही येतात, मेणबत्त्या लावतात, वाळूत चुली मांडून जेवतात. एरवीच्या दिवशी इथे मी आणि एखादे कुत्रे. पायरीवर बसून मी घरून आणलेली चकली खातो, आणि दर वेळी मनात येते ते घंटांचे. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी पोर्तुगीज चर्चच्या घंटा उतरवून घाटावर नेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. भीमाशंकरला घंटा वाजवून आलेल्या माझ्या आईला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “तरीच तिचा नाद एवढा गोड! दोन देवांची सवय आहे तिला.”

मढला वलांडीवर बोंबील वाळत असतात. ज्यांना तो वास सोसत नाही त्यांनी ही वारी करू नये. धक्क्यावर वेसाव्याची तर लागलेली असते. पलीकडचे घरांचे रंगसुद्धा ओळखू येतात एवढे अंतर. पण रस्त्याने जायचे तर मालाडला वळसा घालून वीसएक किलोमीटर. इथे पूल बांधायचे महापालिकेने ठरवले आहे. गेल्या खेपेस तरीत शेजारी टोपली घेऊन एक कोळीण मावशी बसल्या होत्या. मी म्हणालो, “मावशी, पूल झाला की ही मजा जाणार.”

“मजा तुमची हो, भाऊ,” त्या म्हणाल्या. “सुटीच्या दिवशी येता, वारा खाता, जाता. माझ्या सुनेला रात्री दीडला कळा लागल्या, तवा तर बंद. मालाडपर्यंत रिक्षात मी तिचा हात धरून बसलेली. तो रस्ता मला विचारा.”

“पण पूल झाला की जागांचे भाव चढतील. गावठाण राहील का मग?”

“ते पण खरंच,” त्या म्हणाल्या आणि जरा वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. “माझा धाकटा म्हणतो, आई, तेव्हा विकू. थोरला म्हणतो, विकायचं नाय. त्यांची भांडणं आत्तापासून. पूल अजून कागदावर!”

मला पूल नको आहे हे खरे. आणि त्या सुनेचा हात धरून जो कोणी मालाडपर्यंत बसेल त्याला माझे ‘नको’ मोजायचे कारण नाही, हेही तितकेच खरे. मला हवी असलेली शांतता इतकी वर्षे कोण भरत होते ते त्या रिक्षातल्या रात्रीत दिसते. तरी परतीच्या वेळी या पाण्याकडे पाहताना मनात ‘अजून थोडी वर्षे’ असे येतेच.

“मुलगा झाला की मुलगी?” मी विचारले.

“मुलगी. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत.”

तर वेसाव्याला लागली. मावशींनी टोपली उचलून सरळ माझ्या हँडलला अडकवली. “चला, रिक्षाच्या नाक्यापर्यंत,” त्या म्हणाल्या, “आणि हळू, खाली पापलेट आहेत.”