वाघ बघायला जाल तेव्हा वरोऱ्याला उतरा

मैत्रिणींनो, हल्ली सुट्टी लागली की ज्याला त्याला ताडोब्याचा वाघ बघायचा असतो. जरूर बघा. पण नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलात की वाटेत वरोरा येतं, तिथे एक दिवस काढा. आगगाडीने आलात तर वर्धा मागे पडली की हिंगणघाट आणि मग वरोरा. बाबा आमटे जन्मले हिंगणघाटला, १९१४ साली. आणि त्यांनी वसवलेलं आनंदवन आहे वरोऱ्याच्या वेशीबाहेर. नाव तुम्ही ऐकलेलं असणारच. तुमच्यापैकी एखादीच्या कपाटात देणगीची पावतीही असेल. पण देणगी पाठवणं वेगळं आणि तिथे जाऊन पंगतीला बसणं वेगळं!

कुष्ठरोग्यांची वस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवळाच्या पायरीवरची रांग येते. ते चित्र मनात धरून गेलात तर पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळून जाल. दाट झाडी, तळी, शेतं, मागांची खटखट, शाळा-कॉलेजातल्या मुलांची ये-जा. हे गाव आहे हो, दवाखाना नव्हे. दवाखाना आहे, पण गावात असतो तसा.

आता ज्या जागी एवढी झाडी आहे, तिथे १९५१ साली नुसतं खडकाळ माळरान होतं. सरकारने दिलेली पन्नास एकर जमीन. बाबा वरोऱ्याचे नावाजलेले वकील, घरी जमीनजुमला. ते सगळं सोडून ते इथे आले, तेव्हा बरोबर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये होते, असं सांगतात. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. आपण बायकांनी मात्र दुसरीही एक आठवावी. बाबांच्या मागोमाग साधनाताई आल्या. नागपूरच्या कर्मठ घुले घराण्यातली ही मुलगी, १९४६ साली लग्न झालेलं, पदरात विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं. विंचू-सापांच्या रानात, ज्यांना सख्ख्या नातेवाइकांनी घराबाहेर काढलं अशा माणसांमध्ये त्यांनी चूल मांडली. त्यांनी हे सारं ‘समिधा’ या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. जाण्यापूर्वी ते वाचून जा. मग तिथली विहीरसुद्धा तुम्हाला निराळी दिसेल.

विहीर खणली, पाणी लागलं, भाजी पिकली. पण वरोऱ्याच्या बाजारात ती घेणार कोण? महारोग्यांच्या हातची भाजी! गिऱ्हाईक टोपलीकडे फिरकेना. पुढे पन्नासच्या दशकात परदेशांतले तरुण स्वयंसेवक इथे इमारती बांधायला आले. ते या लोकांच्या खांद्याला खांदा लावून राबले, इथलंच अन्न जेवले. गोरी माणसं जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे दिसल्यावर गावाची भीड चेपली. (आपल्या माणसांना साहेबाचं प्रमाणपत्र लागतं ते असं!) साठच्या दशकात तर आनंदवनात कॉलेज निघालं आणि वरोऱ्याच्या ज्या घरांनी भाजी नाकारली होती, त्याच गावातली मुलं-मुली इथे शिकायला येऊ लागली.

तिथलं वर्ष आपल्या घरातल्या वर्षासारखंच ऋतूंवर चालतं. मृगाचा पाऊस पडला की पेरणीची घाई. विदर्भाची काळी जमीन ओली झाली की पाय रुतवते आणि वाळली की दगड होते. मजुरी करणाऱ्याचा जीव काढते. त्यात हातापायांची बोटं झडलेली माणसं शेती कशी करतात, असं तुमच्या मनात येईल. कामं वाटून घेतात. ज्याची पकड शाबूत आहे तो औत धरतो, ज्याची गेली आहे तो राखण करतो, गुरं बघतो, रोपांना पाणी घालतो. आपल्या एकत्र कुटुंबात म्हातारी सासू निवडणं-टिपणं करते आणि धाकटी जाऊ पाण्याच्या कळशा आणते, त्यातलाच हा प्रकार. बिनकामाचं कुणी नाही, हा इथला पहिला नियम.

श्रावण सरता सरता पोळा. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या मैत्रिणींनी त्या सुमारास या भागात एकदा तरी यावं. मग दिवाळी. आपली ती फराळाची गडबड, इथली शुभेच्छापत्रांची. आनंदवनात तयार झालेली भेटकार्डं कितीतरी वर्षं मराठी घरांत येत आली आहेत. मागांवर सतरंज्या, टॉवेल, चादरी विणल्या जातात. अपंग माणसं लोखंडी कामात, सुतारकामात तयार होतात; त्या विभागाचं नावच संधिनिकेतन. नाव ठेवणाऱ्याला दया नको होती, हे त्यावरून कळतं.

थंडीत मित्रमंडळी जमतात. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई इथले जुने स्नेही. त्यांच्यामुळे आनंदवनच्या मित्रमेळाव्यांना कितीतरी कलावंत आले आणि इथल्या रसिकांपुढे मन लावून गायले. आता तर इथल्या अंध-अपंग मंडळींचा स्वतःचा ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद आहे आणि तोच गावोगाव कार्यक्रम करत आला आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. नेमक्या त्याच मे महिन्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. साठच्या दशकाच्या अखेरीपासूनचा हा परिपाठ आहे. तुमच्या घरात उठल्याबसल्या कंटाळा करणारा कॉलेजकुमार असेल, तर त्याला धाडून द्या!

ऋतूंबरोबर आणखी एक काम असतं, ते शेतीइतकंच नेमाचं. या रोगात नसा मरतात आणि कातडीला स्पर्श कळेनासा होतो. आपलं बोट तव्याला लागलं की आपण ‘आई गं’ म्हणून हात मागे घेतो. ज्याला तो चटकाच कळत नाही, त्याचं बोट भाजत राहतं. बोटं ‘गळून पडतात’ म्हणतात ना, ती रोगाने आपोआप गळत नाहीत. न कळलेल्या भाजण्या-कापण्याने, चिघळलेल्या जखमांनी झिजत जातात. म्हणून रोज हातपाय पाण्यात भिजवायचे, घट्टे हळू घासायचे, तेल लावायचं आणि डोळ्यांनी तपासायचं. कारण कातडी काही सांगणार नाही. हिवाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तापलेली जमीन. मऊ तळव्याच्या चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही. चिमट्याशिवाय भांडं उचलायचं नाही. आपण तेल-पाणी करतो ते रूपासाठी. इथे ते पाऊल वाचवण्यासाठी असतं.

आमच्याबरोबर आमच्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांनी नागपूरहून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून आणली होती. ‘प्रवासात आपलं असावं बरोबर,’ म्हणाल्या. मी काही बोलले नाही. मनातलं त्यांचं मला कळत होतं आणि माझ्या मनातलं त्यांना. जेवणाच्या वेळी पानं मांडली गेली, वाढणारी बाई आली, तिच्या हाताची बोटं आखूड होती. जाऊबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पान पुढे केलं. वरण-भात, भाजी, पोळी. दुसऱ्यांदा भात त्यांनीच मागितला. डबा रात्री नागपुरात परत उघडला, तेव्हा पुऱ्या वातड झाल्या होत्या.

आपल्या या भीतीला कायद्याचाही आधार होता, हे तुम्हाला माहीत आहे का? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बहुविध औषधांचा उपचार आला, रोग पुरता बरा होऊ लागला, तरी ते कलम तसंच राहिलं. २०१९ साली काढलं! मधल्या पस्तीसहून अधिक वर्षांत कितीजणींना अंगावरच्या एका चट्ट्यापायी माहेरची वाट धरावी लागली असेल, आणि माहेरानेही दार लावलं असेल. आनंदवनात बऱ्या झालेल्या माणसांची आपसांत लग्नं लागली, त्यांच्यासाठी सुखसदन उभं राहिलं. सोडलेल्या बाईचा पुन्हा संसार ही गोष्ट आपल्या चांगल्या शिकलेल्या घरांत अजून कुजबुजीची असते. इथे ती साधी रीत होती.

एक गोष्ट घरात उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते. भारतात आजही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. मुलांना न्हाऊ घालताना पाठ, दंड, मांड्या बघत जा. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, तिथे घाम नाही, टोचलेलं कळत नाही, असं दिसलं तर सरकारी दवाखाना गाठा. औषध फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यायचं, आणि उपचार सुरू झाला की लवकरच माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका राहत नाही. रोग आनुवंशिक नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. घरकामाला येणाऱ्या बाईच्या हातावर असा चट्टा दिसला, तर तिला कामावरून काढू नका. दवाखान्यात तिच्याबरोबर जा.

बाबा २००८ साली गेले, साधनाताई २०११ साली. दोघांचे देह आनंदवनाच्याच मातीत ठेवले आहेत. तिथे थोडं थांबा.

जायचं असेल तर आधी कळवून जा, मुक्कामाची सोय विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम; मे महिन्यात लहान मुलांना मुळीच नेऊ नका. बरोबर एक रिकामी पिशवी असू द्या. सतरंजी पाहिल्यावर घ्यावीशी वाटतेच, आणि ती बॅगेत मावत नाही.