बाकांच्या जागी पंगत

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, रात्र.

यंदा रविवारीच आगमनकाळ सुरू होतोय. उपकारस्तुती आणि ख्रिस्ताची वाट पाहणं, मध्ये जेमतेम दोन दिवस. अमेरिकेभर या दिवसांत खरेदीची झुंबड उडते. माझं मन मात्र मॅनहॅटनमधल्या चेल्सीच्या होली अपॉसल्स चर्चमध्ये अडकलंय.

हे एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेचं चर्च. इथलं सूप किचन, म्हणजे भुकेल्यांसाठीचं मोफत जेवण, १९८२पासून चालतं. १९९०मध्ये चर्चला मोठी आग लागली. १९९४मध्ये वास्तू पुन्हा उभी राहिली, तेव्हा मंडळींनी बाकांच्या रांगा परत बसवल्या नाहीत. जिथे उपासना, तिथेच टेबलं मांडून जेवण. भुकेल्याला मागच्या दाराने तळघरात नेणं सोपं होतं. यांनी त्याला थेट वेदीसमोर बसवलं. मला हा निर्णय कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठा वाटतो.

आज रंगीत काचांच्या खिडकीखाली एक आजोबा बसले होते. हातमोज्यांची बोटं फाटलेली. कॉफीचा पेला त्यांनी आधी दोन्ही तळव्यांत धरला, बराच वेळ, आणि मगच ओठांना लावला. शेजारच्या बाईंनी आपल्या ताटातला पाव न बोलता त्यांच्याकडे सरकवला.

आता रविवारी आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटेल, नाताळपर्यंत मदतीला हातही भरपूर येतील. भूक मात्र फेब्रुवारीतही तितकीच असते. ज्यांना सेवा करायची आहे, त्यांनी त्या गोठलेल्या महिन्यातला एखादा साधा मंगळवार आत्ताच राखून ठेवावा.