चाल कुणाची, शब्द कुणाचे?

तसे पाहिले तर पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत मी अगदी औरंगजेब! लहानपणापासून कानांवर पडले ते शिमग्यातले नमन आणि गणपतीतली जाखडी. त्यामुळे मुंबईच्या एका इंग्रजी रॉक बँडवर मी लिहिणार म्हटल्यावर मैत्रिणींना हसू आले. पण मोबाइलवर त्याची गाणी ऐकता ऐकता, वाटचाल वाचता वाचता, ही गोष्ट फारशी परकी नाही असे वाटू लागले.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बास गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझेस, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया असा त्याचा संच पुढे स्थिरावला. त्या काळी बँड म्हणजे परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. श्रोत्यांनाही तेच हवे असे. अशा दिवसांत या मुलांनी स्वतः रचलेली गाणी गायचे धाडस केले. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे अल्बम आले.

आमचे बाबा जाखडीत गातात. त्यांच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात चाल खुशाल सिनेमाची असते, पण शब्द शाहिराचेच लागतात. समोरच्या शाहिराला उसन्या शब्दांनी उत्तर दिले तर रसिक हुर्यो करतील! रॉक मशीनने वेगळे काय केले? वाद्ये परकी, भाषा परकी, पण सवाल-जबाब आपला.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' ठेवले. इंडस म्हणजे सिंधू. आपण कुठले, हे नावातच सांगावेसे त्यांना वाटले असेल. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचे पारितोषिकही मिळाले. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला. पण तेव्हा हिंदी पॉपची लाट उसळली होती. त्याच वर्षी अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' घरोघरी वाजले. इंग्रजीतून गाणाऱ्या भारतीयांना बाजारात जागा उरेना. १९९७ मध्ये बँड फुटला.

उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा बँड काढला आणि त्यांच्या गाण्यांत हिंदी शब्द आले. मायदेशी इंग्रजी आणि परदेशी हिंदी! प्रथम मला याचे हसू आले. मग वाटले, माणूस घरापासून लांब गेला की घर त्याच्या तोंडी येते. मुंबईला गेलेले आमचे चाकरमानी नाही का शिमग्याला धावत येत? २०१० मध्ये काही जुन्या आणि काही नव्या सोबत्यांनिशी इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. दोन अल्बमांमध्ये सतरा वर्षांचे अंतर!

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. "चार शिकल्या माणसांसारखं बोलायला शीक," असे बाबा म्हणतात, आणि मी शिकतेही आहे. घरी संगमेश्वरी बोली, वर्गात पुस्तकी मराठी, मुलाखतीला उद्या इंग्रजी. उत्तरपत्रिकेत गाइडमधली वाक्ये उतरवली की गुण पडतात. पण ती वाचताना माझाच आवाज मला ओळखू येत नाही. पदवी हाती पडेल तेव्हा बाबांच्या गाण्यातला एखादा शब्द मला परका वाटू लागला तर? ही भीती मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

चाल उसनी घेण्यात कमीपणा नाही, हे रत्नागिरीच्या शाहिरांना आणि मुंबईच्या त्या मुलांना ठाऊक होते. म्हणून इंग्रजी मी शिकणारच. मित्रहो, प्रश्न एवढाच, की आपली पाळी येईल तेव्हा आपल्यापाशी स्वतःचे शब्द असतील का?