थोरल्याला कोणी बोलावले?

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही उधळ्या पुत्राचा दाखला सांगत होतो. गोष्ट रंगात आली होती. धाकटा घरी परतला, बापाने त्याला मिठी मारली, पुष्ट वासरू कापले गेले, वाद्ये वाजू लागली. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "फादर, थोरला तर शेतात राबत होता. त्याला जेवायला बोलवायला कोणीच कसे गेले नाही?"

आम्ही चपापलो. सेमिनरीत या अध्यायाचा अभ्यास केलेला, त्यावर कितीतरी प्रवचने दिलेली. पण हा प्रश्न आम्हांला कधी सुचला नव्हता. "बोध लक्षात घे, फाटे फोडू नकोस," असे म्हणून आम्ही त्याला खाली बसविले. त्यानंतर वर्षभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही. पुढे कळले, की रोज शाळेपूर्वी केळीच्या वाडीला पाणी लावणारा घरातला थोरला तोच होता.

आम्ही संत लूकचा १५ वा अध्याय पुन्हा उघडला. मेजवानीची वार्ता थोरल्याला चाकराकडून कळते, हे खरेच होते. मात्र नंतर बाप स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. शिवाय हा दाखला प्रभूने कुरकुर करणाऱ्या परूशी व शास्त्री यांना सांगितला, हे अध्यायाच्या आरंभीच आहे. मुलाने नेमके मर्मावर बोट ठेवले होते!

पालकहो, मूल गोष्ट वाचते तेव्हा "तात्पर्य काय?" एवढेच विचारून थांबू नये. ही गोष्ट कोण कोणाला सांगतो आहे? कोणाची बाजू ऐकू येत नाही? तू तेथे असतास तर काय केले असतेस? असे विचारावे; आणि उत्तर मिळाल्यावर "हे पुस्तकात कुठे आहे, दाखव," असेही म्हणावे. प्रश्नांनी श्रद्धा डळमळेल, ही भीती नको. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांचे ऐकत होता, तसाच त्यांना प्रश्नही विचारीत होता.

पुढल्या वर्षी तोच दाखला आला. सर्वांदेखत आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली आणि विचारले, "थोरला शेवटी घरात गेला का?"

त्याने अध्याय अखेरपर्यंत वाचला. "फादर, इथे लिहिलेलेच नाही."

"तू गेला असतास?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा स्वतः बोलवायला आले असते, तर गेलो असतो."